बायोमेडिकल इंजिनिअरिंग : आधी काम, मग पदवी

अतिदक्षता विभागातल्या एका खाटेभोवती व्हेंटिलेटर, मल्टिपॅरा मॉनिटर, दोन-तीन सिरिंज पंप, सक्शन मशीन आणि हाकेच्या अंतरावर डिफिब्रिलेटर असा संच मांडलेला असतो. ही यंत्रे घडवणे, बाजारात येण्याआधी त्यांची परीक्षा घेणे, रुग्णालयात बसवणे, चालती ठेवणे आणि आयुष्य संपले की वेळेवर बाद करणे हे बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे क्षेत्र. सीटी आणि एमआरआय, डायलिसिस मशीन, शस्त्रक्रियेतली कॉटरी, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, हृदयाची झडप, कानामागचे श्रवणयंत्र, ईसीजीच्या लहरी वाचणारे सॉफ्टवेअर हे सगळे त्याच नावाखाली येते. इतक्या पसरलेल्या विषयाच्या वाट्याला एकच पदवी आणि चारच वर्षे येतात. ही शाखा निवडताना होणाऱ्या बहुतेक घोळांचे मूळ इथे आहे.

कामाच्या बाजूने पाहिले तर या क्षेत्रातली माणसे ढोबळपणे दोन प्रकारची असतात : यंत्रे घडवणारी आणि यंत्रे राखणारी. घडवणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिक्स, मटेरिअल्स किंवा प्रोग्रॅमिंग यांपैकी एका विषयात खोल उतरावे लागते. राखणाऱ्यांना सगळ्यातले थोडे-थोडे, पण पक्के यावे लागते; शिवाय रात्री दोन वाजता ऑपरेशन थिएटरमधून आलेला ब्रेकडाउन कॉल न त्रासता घ्यावा लागतो. मराठवाड्यात आज तरी दुसऱ्या प्रकारची कामे पुष्कळ आणि पहिल्या प्रकारची थोडी आहेत. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याने आधी कामाची जागा पाहावी आणि तिथून मागे येत पदवी निवडावी, हा क्रम सोयीचा पडतो. प्रत्यक्षात प्रवेशाच्या हंगामात नेमके उलटे घडते.

मराठवाड्यात बारावी विज्ञानाचा सगळा ओढा नीटकडे असतो. लातूर पॅटर्नने घरोघरी जी शिस्त आणली, तिच्यात दोन वर्षे घालवून एमबीबीएस हुकले की ‘मेडिकलच्या जवळचे काहीतरी’ म्हणून बायोमेडिकलचे नाव पुढे येते. हा गैरसमज वेळीच दूर व्हायला हवा. या शाखेत रुग्ण तपासायचा नसतो आणि औषधही लिहून द्यायचे नसते. शरीररचना व शरीरक्रिया यांचे एक-दोन विषय सोडले तर बाकी सगळी सर्किट्स, सिग्नल, कंट्रोल सिस्टिम, मेकॅनिक्स आणि गणितच. राज्यातल्या अभियांत्रिकी पदवीचे बहुतेक प्रवेश एमएचटी-सीईटीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटातून होतात. गणित सोडून दिलेल्या मुलाला या गटातून जाता येत नाही. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलेल्यांना दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. नीटच्या तयारीत ‘गणिताचा भार कशाला’ असे म्हणत ते सोडायला लावणारे पालक मुलाची एक मोठी वाट नकळत बंद करतात.

कामाच्या जागांच्या बाबतीत छत्रपती संभाजीनगर समृद्ध आहे. १९५६ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची घाटी, अकराशेहून अधिक खाटांचे आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय विदर्भाच्या कडेचा बुलढाणा इथले रुग्ण तिथे येतात. शासकीय कर्करोग रुग्णालय, एमजीएम, हेडगेवार, कमलनयन बजाज, सिग्मा अशी मोठी रुग्णालये आणि त्यांच्यामागे गल्लोगल्लीची नर्सिंग होम्स, डायग्नोस्टिक सेंटर्स, डायलिसिस केंद्रे आहेत. यातले प्रत्येक ठिकाण यंत्रांवर चालते आणि प्रत्येक यंत्राला राखणारा लागतो.

तो माणूस नसला, किंवा असून त्याला अधिकार नसला, की काय होते हे कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच शहराने पाहिले. केंद्राकडून मराठवाड्यासाठी आलेले १५० व्हेंटिलेटर घाटीत पोहोचले. १७ घाटीत ठेवले गेले, ४१ खासगी रुग्णालयांना आणि ५५ शेजारच्या जिल्ह्यांना दिले गेले, ३७ खोक्यांतच राहिले. वापरायला काढलेली ११३ यंत्रे सदोष निघाल्याचे मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर मांडण्यात आले. केंद्राच्या शपथपत्रात मात्र यंत्रे ठीक असून ती हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नसल्याचा सूर होता. रुग्णांच्या जिवाचा प्रश्न असताना असा पवित्रा घेतल्याबद्दल न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. यंत्र बिघडलेले की हाताळणी चुकीची, हा प्रश्न डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि अधिकाऱ्यांच्या तोंडून महिनाभर फिरत राहिला. त्याचे उत्तर मोजून देणे हे बायोमेडिकल अभियंत्याचे रोजचे काम आहे.

ते कसे चालते हे जवळून पाहण्यासारखे आहे. पहिली तपासणी यंत्राची नव्हे, भिंतीतल्या ऑक्सिजन आउटलेटची होते. पाइपलाइनमध्ये साधारण चार बार दाब ठेवतात. प्रवाह बंद असताना गेज तेवढा दाब दाखवतो. पण वॉर्डात एकाच वेळी बरीच हाय-फ्लो यंत्रे चालू असली तर लाइनच्या टोकाकडचा दाब पडतो आणि चांगला व्हेंटिलेटरही ‘इनलेट प्रेशर लो’ म्हणून ओरडू लागतो. म्हणून ही मोजणी ऑक्सिजन वाहता ठेवून करावी लागते. त्यानंतर रुग्णाच्या जागी रबरी टेस्ट लंग आणि मध्ये फ्लो अॅनालायझर जोडतात. यंत्रावर ५०० मिलिलिटरचा श्वास लावला आणि अॅनालायझरवर ४३० दिसले, तर गळती शोधायची : आधी ट्यूबिंग, मग एक्स्पायरेटरी व्हॉल्व्ह, मग फ्लो सेन्सर. तिसरी पाळी ऑक्सिजन सेलची. बहुतेक यंत्रांत हा सेल रासायनिक असतो, वापरला नाही तरी झिजतो आणि वर्ष-दोन वर्षांत संपतो. साध्या हवेवर त्याने २१ टक्के आणि शुद्ध ऑक्सिजनवर १०० टक्क्यांच्या जवळ दाखवले पाहिजे. मग नळी मुद्दाम सोडवून डिसकनेक्ट अलार्म वाजतो का ते पाहायचे, प्लग काढून बॅटरी किती वेळ धरते ते घड्याळ लावून पाहायचे. शेवटी विद्युत सुरक्षेची चाचणी. आयईसी ६०६०१ या मानकाप्रमाणे थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागातून सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती-प्रवाह चालत नाही. घरच्या स्विचचा झटका जिथून जाणवायला लागतो, त्याच्या कितीतरी खालचा हा आकडा आहे. पण हृदयाच्या स्नायूला तेवढ्यानेही धोका होऊ शकतो.

हे सगळे आकडे, तारीख आणि सही असलेला कागद म्हणजे स्वीकृती चाचणीचा अहवाल. खोके उघडल्या दिवशीच तो तयार झाला आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाची नोंद त्याला जोडली गेली, तर पुढचा वाद मोजमापांवर होतो. ऑक्सिजनच्या लाइनबाबत दक्षता किती मोलाची आहे, हेही त्याच वर्षी राज्याला कळले : २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. एवढे होऊनही मेडिकल गॅस पाइपलाइन हा विषय बऱ्याच अभ्यासक्रमांत ओझरताच शिकवला जातो. ही उणीव विद्यार्थ्याने इंटर्नशिपमध्ये भरून काढावी.

सरकारला या कामाचे महत्त्व कोविडच्या आधीच कळले होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५ साली वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला गेला. त्याआधीच्या मोजणीत २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली, त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. जिल्हा रुग्णालयात ९५, ग्रामीण पातळीवरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक केंद्रात ८० टक्के वेळ यंत्रे चालू असली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरले. उद्दिष्ट चांगले होते. पण त्यासाठी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी कायम पदे न भरता खासगी एजन्सीला कंत्राट देण्याचा मार्ग धरला. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात भेटणारा बायोमेडिकल अभियंता बहुधा एजन्सीच्या पगारावर असतो. हातात एका जिल्ह्याची यंत्रे, खांद्यावर टूलकिट, आणि कंत्राटाच्या मुदतीला बांधलेली नोकरी. शिकायला या नोकरीसारखी दुसरी जागा नाही, कारण दोन वर्षांत रेडिएंट वॉर्मरपासून एक्स-रेपर्यंत सगळे हाताखालून जाते. स्थैर्याची अपेक्षा असणाऱ्याने मात्र हे आधीच समजून घ्यावे.

खासगी रुग्णालयांचा बायोमेडिकल विभाग ही दुसरी जागा. रुग्णालयांच्या दर्जाचे एनएबीएच मानांकन हवे असेल तर प्रत्येक यंत्राची नोंद, ठरावीक काळाने प्रतिबंधक देखभाल (पीएम) आणि कॅलिब्रेशनचा दाखला लागतो. म्हणून हा विभाग मोठ्या रुग्णालयांत असतोच. तिथला निम्मा दिवस कागदात जातो : कोणते यंत्र वॉरंटीत, कोणते वार्षिक देखभाल करारात (एएमसी), कोणते सुट्या भागांसकटच्या सर्वसमावेशक करारात (सीएमसी), कंपनीच्या इंजिनिअरला कॉल कधी लावला, तो कधी आला. हे काम हिशेबाचे वाटते, पण सीटीची ट्यूब गेली की सीएमसीतले एक कलम रुग्णालयाचे लाखो रुपये वाचवते किंवा बुडवते. खरेदीच्या टेंडरमध्ये तांत्रिक अटी लिहिण्याची कला इथेच येते आणि तीच पुढे बढती मिळवून देते.

तिसरी जागा कंपन्यांची फील्ड सर्व्हिस. पगार तुलनेने बरा आणि प्रशिक्षण नेमके, पण एकाच कंपनीच्या ठरावीक यंत्रांचे. आणि मराठवाडा-खानदेश असा टापू मिळाला की महिन्यातले बरेच दिवस एसटीत नाहीतर मोटारसायकलवर. यातूनच काही जण अॅप्लिकेशन स्पेशालिस्ट होतात, म्हणजे नवे यंत्र डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना वापरायला शिकवतात. ज्याला माणसांशी बोलायला आवडते आणि शरीरक्रियेचा विषय मनापासून समजला आहे, त्याला हे काम फार मानवते. विक्रीत कमाई लवकर वाढते, अभियांत्रिकी मात्र हळूहळू मागे पडते. चार-पाच वर्षांनी परत फिरणे अवघड जाते.

या जागांसाठी पदवीच्या वाटा कोणत्या? बायोमेडिकल नावाच्याच पदवीची जुनी केंद्रे मुंबईच्या बाजूला आहेत : वडाळ्याचे विद्यालंकार, कामोठ्याचे एमजीएम. जेईई देणाऱ्यांना एनआयटी राउरकेला, एनआयटी रायपूर आणि आयआयटी हैदराबाद इथे ही शाखा मिळते. मराठवाड्यातून मुंबईला जाताना खोलीभाडे आणि खानावळ हा खर्च फीइतकाच बोलतो. तो धरून हिशेब करावा. दुसरी वाट घराजवळची : १९६० सालचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा एमजीएमचे जेएनईसी इथून इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल, अथवा नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेतून इन्स्ट्रुमेंटेशन, आणि मग वैद्यकीय उपकरणांकडे वळणे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या आवारातली नायलिट, म्हणजे पूर्वीची सीईडीटीआय, इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन आणि देखभाल शिकवते. तिथला सराव सर्व्हिसच्या कामात थेट उपयोगी पडतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ता तर ग्रामीण भागातल्या मुलांनी केव्हाच आपलासा केला आहे. सर्व्हिसच्या नोकरीत सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर सहज हाताळणारा पदविकाधारक पहिल्या दिवसापासून कामाला लागतो.

दोन्ही वाटांत निवड करताना एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. रुग्णालये आणि उपकरण कंपन्या बायोमेडिकलच्या जागेसाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनचे पदवीधरही घेतात. उलट इलेक्ट्रॉनिक्सच्या जागेसाठी बायोमेडिकलचा पदवीधर क्वचितच धरला जातो. सरकारी परीक्षांतही तेच. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा स्थापत्य, विद्युत आणि यांत्रिकी यांच्यापुरती आहे. गेटच्या गुणांवर भरती करणाऱ्या सार्वजनिक कंपन्याही बहुतांशी याच मूळ शाखा मागतात. म्हणून ज्याचे मन पुरते ठरले नाही, त्याने पदवीला मूळ शाखा घ्यावी आणि पदव्युत्तरला बायोमेडिकल घ्यावे. ज्याचे मन ठरले आहे, ज्याला रुग्णालयातच काम करायचे आहे, त्याला मात्र बायोमेडिकलची पदवी दोन वर्षे पुढे नेऊन ठेवते. शरीरक्रिया, इमेजिंग आणि रुग्णालयाची भाषा त्याला वेगळी शिकावी लागत नाही.

महाविद्यालय पाहायला गेल्यावर इमारतीपेक्षा प्रयोगशाळेकडे लक्ष द्यावे. ईसीजी सिम्युलेटर आहे का, डिफिब्रिलेटर अॅनालायझर आहे का, मुलांना उघडायला जुने व्हेंटिलेटर किंवा मॉनिटर दिले जातात का, की सगळे काचेच्या कपाटात आहे? कोणत्या रुग्णालयाशी करार आहे आणि इंटर्नशिप किती आठवड्यांची? शेवटच्या वर्षाच्या मुलांशी दहा मिनिटे बोलले की माहितीपत्रकात नसलेली उत्तरे मिळतात.

पदव्युत्तर शिक्षणासाठी २०२० पासून गेटमध्ये बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत १९८८ साली बायोमेडिकल इंजिनिअरिंगची स्वतंत्र संस्था उभी राहिली होती. आज हा विषय तिथल्या बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभागात शिकवला जातो. रुग्णालयाच्या बाजूचा सर्वांत कसदार अभ्यासक्रम आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी मिळून चालवलेला क्लिनिकल इंजिनिअरिंगचा आहे. याच श्री चित्रा संस्थेत हृदयाची भारतीय झडप तयार झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. परदेशी एमएसचा विचार करणाऱ्यांनी विद्यापीठाच्या नावाइतकीच प्रबंधाच्या विषयाची चौकशी करावी. तिकडे नोकरी ‘बायोमेडिकल’ या सर्वसाधारण नावावर मिळत नाही. इमेजिंग, न्यूरल इंटरफेस, ऑर्थोपेडिक इम्प्लांट अशा एका विषयातल्या कामावर मिळते.

यंत्रे घडवण्याच्या बाजूला गेल्या दहा वर्षांत देशातले चित्र बदलले आहे, आणि बदल कायद्याने आणला आहे. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांनी उपकरणांचे जोखमीप्रमाणे चार वर्ग केले : जीभ दाबायची पट्टी ए वर्गात, इंजेक्शनची सुई बी वर्गात, व्हेंटिलेटर सी वर्गात, हृदयाची झडप डी वर्गात. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, सी आणि डी वर्गाचा केंद्राची औषध नियंत्रण संस्था सीडीएससीओ. पूर्वी बहुतेक उपकरणे परवान्याशिवाय विकली जात; एप्रिल २०२० पासून सगळीच कायद्याच्या कक्षेत आली आणि सी व डी वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. यातून रेग्युलेटरी अफेअर्स आणि क्वालिटी या दोन जागा तयार झाल्या. आयएसओ १३४८५ प्रमाणे गुणवत्तेची व्यवस्था लावणे, यंत्र बिघडण्याच्या प्रत्येक शक्यतेची जोखीम लिहून काढणे, तांत्रिक फाइल तयार करणे, हे काम बायोमेडिकलच्या पदवीधराला शोभते. लिखाण स्वच्छ असावे लागते, आणि नेमके तेच कॉलेजात शिकवले जात नाही.

नवी उपकरणे घडवण्यासाठी राज्यात एक चांगली जागा आहे. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने बेटिक हे केंद्र सुरू झाले. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत त्याच्या शाखा निघाल्या. डॉक्टरांनी अडचण सांगायची, अभियंत्यांनी रुग्णालयात उभे राहून ती पाहायची आणि मग नमुना बनवायचा, अशी तिथली रीत. छातीचे आवाज मोठे करून मोबाइलवर नोंदवणारे स्टेथोस्कोपला जोडायचे उपकरण अशाच कामातून बाहेर पडले.

छत्रपती संभाजीनगरला या बाजूला एक भक्कम आधार आहे आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९८५ पासून बजाज ऑटोभोवती वाढलेल्या वाळूजमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारे टर्नर, फिटर आणि डायमेकर पिढ्यांनी तयार झाले आहेत. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये साचे बनवणे आणि सीएनसी शिकून मुले बाहेर पडतात. हाडांच्या प्लेटा आणि स्क्रू, शस्त्रक्रियेची हत्यारे, सिरिंज पंपाचे प्लास्टिकचे खोके या सगळ्यांना हेच कौशल्य लागते. कमी असते ती स्वच्छ खोली, साहित्याचा माग ठेवणारी नोंद आणि कायदा जाणणारा माणूस. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने टायटॅनियमचे मशिनिंग आणि आयएसओ १३४८५ एवढ्या दोन गोष्टी शिकून घेतल्या, तर शेंद्रा-बिडकीनच्या नव्या पट्ट्यात त्याला स्वतःचे काम उभे करता येईल. हा अंदाज धाडसाचा वाटेल, पण तो इथल्या हातांच्या कुवतीवर आधारलेला आहे.

व्यवसाय म्हणून मान्यतेचा प्रश्नही आता सुटू लागला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात बायोमेडिकल अभियंता आणि वैद्यकीय उपकरण तंत्रज्ञ यांची नावे आहेत. या कायद्याखालच्या राज्य परिषदांची नोंदणी नीट रुळली की नोकरीच्या जाहिरातीत ‘कोणताही इलेक्ट्रॉनिक्स पदवीधर’ एवढ्यावर भागणार नाही. म्हणून आज शिकणाऱ्याने आपला अभ्यासक्रम त्या चौकटीत बसतो का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे.

नोकरीत आठ-दहा वर्षे काढल्यावर काही जण स्वतःची सर्व्हिस किंवा कॅलिब्रेशनची एजन्सी काढतात. नर्सिंग होमला पूर्ण वेळ अभियंता परवडत नाही, मानांकनासाठी दाखले मात्र लागतात. म्हणून या शहरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत अशा एजन्सीला काम आहे. भांडवल मुख्यतः मोजणीच्या उपकरणांत जाते : फ्लो अॅनालायझर, ५० ओहमच्या भारावर ज्यूल मोजणारा डिफिब्रिलेटर अॅनालायझर, इन्फ्युजन पंप टेस्टर, विद्युत सुरक्षा तपासणीचा संच. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता घ्यायची तर आयएसओ १७०२५ प्रमाणे कार्यपद्धती लिहावी लागते, आणि ही मोजणीची उपकरणेही ठरल्या मुदतीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून आणावी लागतात. त्यांच्या दाखल्याची मुदत उलटली की त्यांवर केलेली मोजणी मानांकनाच्या तपासणीत धरली जात नाही.